खाली न टेकलेलं पाणी

लोक सांगतात, कापसाच्या तेजीत वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांवर लोखंडाऐवजी चांदीच्या धावा चढवल्या. मी तरी एकही पाहिली नाही. तेव्हा मी अकोल्याकडच्या एका गावात नवी सून होते. सातासमुद्रापलीकडे कुठल्या तरी दोन फौजा लढत होत्या, म्हणून इंग्रजांना आमचा कापूस हवा झाला होता. लोकांनी ज्वारी मोडून कापूस पेरला. आमच्या सासऱ्यांनी त्या तेजीत विहीर बांधली. काळ्या दगडाची, उतरायला पायऱ्या, वर दोन मोटांचं पाणी ओतायला दोन थारोळी. पाणी भरपूर लागलं आणि खारट लागलं.

आमचा तो सगळा पट्टाच खारा. गावात आणखी तीन विहिरी होत्या, त्याही तशाच. त्या पाण्यात तुरीची डाळ दोन प्रहर उकळली तरी दाणा मोडत नसे. माझं माहेर अमरावतीचं. घरामागे गोड्या पाण्याची विहीर होती, आणि मी चार यत्ता शिकले त्या शाळेतही रांजण भरलेला असायचा. पाण्याचा विचार करावा लागतो हे मला लग्नानंतर कळलं.

पिण्याचं पाणी नदीचं. नदी पाऊण कोसावर. पावसाळ्यात ती काठापर्यंत येई, तेव्हा सोपं असे. दिवाळीनंतर पाणी खाली जायचं आणि दरड उघडी पडायची. दोन पुरुष उंच, काळ्या मातीची, उन्हानं तडकलेली. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन ती चढायची. चढणाऱ्या आम्ही दोघी, थोरली जाऊ आणि मी. लागोपाठ दोन हिवाळे, पाचव्या महिन्यात, त्या दरडीवरच जावेचं पोट पडलं. तिसऱ्या वर्षी श्रावणात तिला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. पाचवा महिना कार्तिकात येणार होता हे घरातल्या प्रत्येक बाईनं बोटांवर मोजलं होतं.

घरात दोन गाड्या होत्या. पण कापूस सुरू झाला की त्या बाजाराच्या वाटेवर असायच्या. पाणी आणायला गाडी जुंपावी हे कोणाच्या मनातही येत नसे. बायांची डोकी रिकामीच असतात, असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्या थट्टा करत नव्हत्या.

विहिरीची जागा ज्या पाणाड्यानं दाखवली होती त्याला सासऱ्यांनी बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर त्याला खारं पाणी प्यायला लावलं. तो बिचकला नाही. ओठ पुसून म्हणाला, "विहिरीत दोष नाही, पाटील. पान्याले माती लागली म्हनून थे खारं झालं. ज्या पान्याले माती लागलीच नाही, असं पानी एक डाव आत पडू द्या."

"असं पानी कुठं भेटते?"

"गाविलगडच्या डोंगरात धार हाये. वरून सुटलेलं पानी खाली टेकाच्या आंधी धरायचं. घरी येईपर्यंत भांडं बी कुठं टेकवायचं नाही, टांगायचं नाही. हातातून हातात. आन् घरची पानी भरनारी बाईच पायजे त्याले."

मी चुलीपाशी होते. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, पावसाचं पानी बी तं टेकलेलं नसते."

"पाऊस दरसाल पडते त्या विहिरीत," त्या म्हणाल्या. "झाली का गोड? तुह्यं शाळेचं शहाणपन घाल चुलीत."

जावेला त्या दिवसांत जाणं शक्य नव्हतं, तेव्हा मीच जाणार हे ठरलं. आमचे हे आणि मोठे दीर शेतात अडकलेले, म्हणून सोबत सासरे. दसऱ्याच्या आधी, कापूस फुटायच्या आत जाऊन यायचं होतं. भाकऱ्या बांधताना जाऊ मला म्हणाली, "खरंच होईन का व गोड?"

"मले काय मालूम, बाई."

"तू आन तं. दरड नाही चढा लागन मले."

एवढंच म्हणाली. भाकऱ्यांची गाठ तिनं तीनदा सोडून तीनदा बांधली.

सून सासऱ्याशी बोलत नाही, सासरा सुनेशी बोलत नाही, अशी आमच्याकडची रीत. घरात चार माणसं असतात, निभतं. गाडीत आम्ही दोघंच. सासऱ्यांनी त्यावर उपाय काढला. ते डावीकडच्या बैलाला म्हणायचे, "का रे, विचार तिले, तहान लागली का." मी पदराआडून त्याच बैलाला सांगायचे, "सांग मामाजीले, नाही लागली." परतवाड्यापर्यंत दोन दिवस तो बैल आमच्यात दुभाषा होता. एकदा सासरे त्याला म्हणाले, "तिले म्हन, भेऊ नको, म्या हाये ना." भीत तर तेच होते. डोंगर पुढे दिसायला लागल्यापासून त्यांनी पागोटं चारदा नीट केलं होतं.

परतवाड्याला एका नातलगाकडे गाडी आणि बैल ठेवले. बाजारात एक कोरकू बाई मध विकायला आली होती, ती आम्हाला नेते म्हणाली. माझ्या आईच्या वयाची, हातात कोयता. सासऱ्यांनी विचारलं, "किती कोस हाये?"

तिनं एका झुडपाची डहाळी तोडून हातात धरली. "हे पान कोमेजलं म्हनजे एक कोस. अशा डहाळ्या, पाटील, पाच."

"हा कोनता कोस?"

"आमचा कोस. तुमचा कोस इथं नाही चालत. इथं रस्ता उभा हाये."

बैल मागे राहिला होता. आता सासरे माझ्याशी त्या बाईमार्फत बोलू लागले. तिला ती गंमत वाटली. सासऱ्यांनी "विचार तिले, पाय दुखते का," असं म्हटलं की ती आम्हा दोघांच्या मध्ये उभी राहून मोठ्यानं विचारायची, जणू मी नदीच्या पलीकडे आहे.

आता ते रान सरकारनं राखून ठेवलं आहे म्हणतात. तेव्हा ते कोणाचंच नव्हतं. गवत माझ्या डोक्यावरून जात होतं. साग, बांबू, आणि ज्यांची नावं मला आजही माहीत नाहीत अशी झाडं. मी सपाट जमिनीतली. आमच्याकडे माणूस एक कोसावरून येताना दिसतो. इथं दहा पावलांवर काय आहे ते कळत नव्हतं. एका ओल्या जागी त्या बाईनं कोयत्यानं चिखलातला पंजा दाखवला. "कालचा हाये," ती म्हणाली आणि तशीच पुढे गेली. आम्ही दोघं तिच्या इतकं मागोमाग चाललो की हात पुढे केला तर तिच्या पाठीला लागेल.

पहिल्या तीन डहाळ्या सुकल्या, तिनं फेकल्या. चौथीही सुकली, पण वेळ लागला. पाचवी सुकेना. आम्ही चालतोय, ती हातात तशीच हिरवी, उलट पानांवर पाणी जमलेलं. सासरे म्हणाले, "तुह्या कोसाले शेवट हाये का नाही?"

ती हसली. "आता कोस संपत नाही. धार जवळ आली."

मग मला आवाज ऐकू आला. मला वाटलं, दगडी रस्त्यावरून गाड्यांची रांग चाललीय. रांग संपेल म्हणून मी थांबले. ती संपली नाही. थोडं पुढे गेल्यावर तो आवाज कानातून निघून पायांत आला. दगड थरथरत होता. मी दातांवर दात ठेवले तर दातांतही तो होता.

झाडं एकदम संपली आणि जमीनही संपली.

समोर दरी, आणि दरीच्या डाव्या अंगाला, आम्ही उभे होतो त्याच्या बरोबरीनं, डोंगराच्या कडेवरून पाणी पडत होतं. मी पुष्कळ लोकांना ते वर्णन करून सांगितलं आणि एकदाही नीट जमलं नाही. दुधासारखं म्हणतात, तसं नव्हतं. दूध एकसंध असतं. हे वर कडेला हिरवं, काचेसारखं, आणि सुटलं की पांढरं. आमच्या अमरावतीच्या घराजवळ एक पिंजारी होता. त्याच्या धनुकलीखाली कापूस उडतो तसे त्या पाण्याचे पुंजके सुटत होते. मी एक पुंजका डोळ्यांनी धरायची आणि त्याच्याबरोबर खाली जायची. तो घाई करत नव्हता. इतकं उंच होतं ते, की पडणारं पाणी सावकाश पडतंय असं वाटत होतं. अर्ध्यावर गेला की तो विरघळून जायचा आणि माझ्या डोळ्यांत काहीच उरायचं नाही. मग मी पुन्हा वर जाऊन दुसरा धरायची. किती वेळ हे केलं ते मला सांगता येणार नाही. तळ दिसत नव्हता. तिथे नुसता धूर होता, आणि त्या धुरात इंद्रधनुष्य. आकाशात असतं ते माहीत होतं. हे माझ्या पायांखाली होतं.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते. मी हंडे मोजायला लागले. एका पुंजक्यात किती हंडे बसतील. गावचा एक दिवस, गावचा एक महिना. मग मोजणं सुटलं, आणि मला राग आला. हे सगळं गोडं पाणी होतं. कोणी भरत नव्हतं, कोणी पीत नव्हतं, आणि ते पडत होतं. मग रागही राहिला नाही. मी तिथे नसते तरी ते पडलंच असतं, आणि आम्ही सगळे मेल्यावरही पडेल, हे मला त्या वयात पहिल्यांदा समजलं. देवळात मला असं कधी झालेलं नाही. गुडघे आपोआप वाकले. नमस्कार केला असं म्हणत नाही. उभं राहवलं नाही, एवढंच.

सासरे माझ्याही आधी खाली बसले होते. गावात या माणसाचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती. ते त्या बाईला ओरडून विचारत होते, "किती परस असन?" विहिरीची खोली आम्ही परसांनी मोजतो, एक माणूस उभा राहील तेवढी एक परस. तिनं हात हलवला. त्यांनी जरा वेळानं पुन्हा विचारलं, "रातीले बी पडते का?"

"काय?"

"रातीले बंद नाही होत?"

ती बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मोटेचे बैल सोडले की पाणी थांबतं, एवढंच सासऱ्यांना माहीत. "कोन बंद करन, पाटील?" ती ओरडली. सासऱ्यांनी मान हलवली, जणू कोणी त्यांना रागावलं आहे.

आम्ही बरोबर नवा तांब्या आणि चाळीस हात दोर आणला होता. विहिरीवर करतात तसं धारेत सोडायचं, भरलं की ओढायचं, असं घरी बसून ठरवलेलं. वरच्या ओढ्याचं पाणी चालणार नव्हतं, ते कड्यावरून सुटायच्या आधीचं, मातीवरचं. खाली उतरायला वाट नव्हती. सासऱ्यांनी दोराचं एक टोक झाडाला बांधलं आणि पालथं पडून तांब्या धारेकडे फेकला. धारेनं त्याला असा टोला दिला की तो उडून खडकावर आपटला. वर ओढला तर एका अंगानं चेपलेला, आणि आत थेंब नाही. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा दोरासकट सासरे ओढले जातील असं वाटलं, तेव्हा त्या बाईनं त्यांचे पाय धरले.

ते उठून बसले. चेहरा उतरलेला. इतक्या लांब येऊन, एवढ्या पाण्यासमोर, आमचा तांब्या कोरडा.

तेवढ्यात वारा फिरला. दरीतून वर आला आणि तो तळातला सगळा धूर आमच्या अंगावर घेऊन आला. पाऊस खालून वर पडत होता. दोन क्षणांत मी केसांपासून पायांपर्यंत भिजले. पदर हातात घेऊन पिळला तर धार लागली. आणि माझ्या डोक्यात लख्ख आलं की हे पाणी वरून सुटलेलं आहे, आणि ते कुठेही टेकलेलं नाही.

माझं लुगडं अंगावर होतं, ते पिळून तांब्या भरणार नव्हता. मोठं कापड पाहिजे होतं. मोठं कापड एकच होतं, आणि ते सासऱ्यांच्या डोक्यावर होतं. त्याच वर्षी घेतलेलं, कितीतरी हात लांब. आमच्याकडे पागोटं चारचौघांत डोक्यावरून उतरतं ते घरात मयत झाल्यावर. मी त्या बाईला म्हटलं, सांग त्यांना. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडले. ती कानाला हात लावून उभी. वारा किती वेळ राहील कोणाला माहीत.

मी पदर मागे टाकला, सासऱ्यांच्या समोर गेले आणि तोंडावर ओरडले, "मामाजी, पागोटं द्या!"

त्यांना वाटलं असणार, पोरगी बिथरली.

"पागोटं! पिळून घेऊ!" मी हातांनी पिळून दाखवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, धारेकडे पाहिलं. मग दोन्ही हात डोक्याकडे नेऊन पागोटं उतरवलं. खाली टक्कल होतं. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि जमिनीला लागू न देता आम्ही ते कडेवर ताणून धरलं. ते शिडासारखं फुगलं. भिजून जड झालं की त्या बाईनं तांब्या खाली धरायचा आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी पीळ द्यायचा. ते उजवीकडे, मी डावीकडे. पहिलं पिळलेलं आम्ही सोडून दिलं, धूळ जावी म्हणून. पाच वेळा भिजवलं, पाच वेळा पिळलं. ती बाई इतकी हसत होती की तांब्या हलत होता. "पाटील, तुमच्या डोक्याचा मळ विहिरीत चालला!" सासरे हसले. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अंगावरून पाणी निथळतंय, टक्कल चमकतंय, आणि मागे ती एवढी मोठी धार. आम्ही तिघं तिच्यापुढे मुंग्यांएवढे होतो आणि तांब्याभर पाण्यासाठी धडपडत होतो.

तांब्या भरला. परत फिरताना मी एकदा मागे वळून पाहिलं. पुन्हा जाणं झालं नाही.

मग परतीची वाट. भांडं टेकवायचं नाही. घाट उतरताना मी धरलं, कारण सासऱ्यांना पाय सांभाळायचे होते. परतवाड्यापासून आळीपाळीनं. गाडीच्या धक्क्यांनी पाणी सांडायला लागलं तसे सासरे खाली उतरून चालू लागले आणि मी बैल हाकले. त्या माणसानं जन्मात पाण्याचं भांडं उचललं नव्हतं. अर्ध्या कोसात त्यांनी हात बदलला. मग प्रत्येक शेताच्या बांधाला, धुऱ्याला, बदलायला लागले. शेवटी उजव्या हाताचं मनगट सुजलं. आमचा दुभाषा आता पुन्हा सोबत होता.

"का रे," ते बैलाला म्हणाले, "एवढंसं भांडं, आन् याचं वजन वाढूनच राह्यलं."

मी बैलाला म्हटलं, "सांग मामाजीले, हंड्यात असे पंधरा बसते. आन् दरड चढा लागते."

बैल चालत राहिला. सासऱ्यांनी तांब्या डाव्या हातात घेतला.

पाणी विहिरीत सोडलं. पाणाड्यानं नारळ फोडला. आठ दिवस थांबायचं होतं. आठव्या दिवशी सासूबाईंनी घागर भरून आणवली आणि सगळ्यांना ओंजळीत पाणी दिलं. मोठे दीर म्हणाले, "फरक वाटते." आमचे हे म्हणाले, "थोडासा." सासूबाई म्हणाल्या, "गोडच हाये, तुमची जीभच खारी झाली." जाऊ ओंजळ धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"खारं हाये," मी म्हटलं.

सासूबाई माझ्यावर आल्या. "तूनंच टेकवलं असन कुठं! झोपली असशीन भांडं ठेवून!"

"नाही टेकवलं," सासरे म्हणाले. "म्या होतो." आणि ते उठून बाहेर गेले.

कार्तिक लागला, कापूस फुटला. दोन्ही गाड्या जुंपायच्या दिवशी सकाळी पाहते तर एका गाडीवर सासऱ्यांनी लाकडी पिंप बसवून दोरानं आवळलेलं. मोठे दीर चिडले. "बाबा, कापसाले हा भाव हाये, आन् तुमी गाडी पान्याले लावता? लोक हासतीन."

"हासू दे."

"बाया हायेत ना पान्याले!"

सासऱ्यांनी आपलं मनगट पुढे केलं. सूज उतरली होती, दाखवण्यासारखं काही नव्हतं. "एक तांब्या आनला म्या," ते म्हणाले. "एकच." आणि गाडी हाकत नदीकडे गेले. दरडीला त्यांनी गडी लावून तिरपी वाट खोदून घेतली. गाव हसलं. पुढे कापसाचा भाव पडला, सगळ्यांच्या गाड्या रिकाम्या उभ्या राहिल्या, तरी बाकीच्या घरांचं पाणी बायांच्याच डोक्यावर येत राहिलं. ते का, ते मला आजही कोणी सांगितलेलं नाही.

जाऊ त्या हिवाळ्यात दरड चढली नाही. पाचवा महिना गेला, सहावा गेला. फाल्गुनात तिला मुलगी झाली. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. सुईण बाळाला आंघोळ घालत होती आणि जाऊ बाजेवरून म्हणत होती, "अजून घाला."

"पुरे व," सासूबाई म्हणाल्या. "पानी काय फुकट येते?"

"घाला, आत्याबाई," जाऊ म्हणाली. "पिंप भरलेलं हाये."